रात्रच नसलेल्या उन्हाळ्यात लिहायचे कधी?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळची सांगलीची. गेली आठ वर्षे आम्ही नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रोम्सो शहरात राहतो. पती विद्यापीठात संशोधक आहेत, मी एका बालवाडीत मदतनीस आहे आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात, जवळजवळ दोन महिने सूर्याचे दर्शन नव्हते तेव्हा, सांगलीच्या २०१९च्या महापुरावरील माझ्या पहिल्या कादंबरीचा निम्मा भाग मी लिहून काढला. पूर आला तेव्हा आई-बाबा सांगलीत होते आणि मी इथे होते, त्यामुळे हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, ही शंकाही मनात असते. मे महिन्यापासून मात्र लेखन थांबले आहे. मुलगा रात्री अकरा वाजता अंगणात चेंडू खेळत असतो. मला दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. जागीच आहे तर लिहावे म्हणून बसते. त्या वेळी ते फार चांगले वाटते आणि दुसऱ्या दिवशी वाचवत नाही. ऊन पडलेले असताना मी घरात बसते याचे सहकाऱ्यांना नवल वाटते आणि मलाही अपराधी वाटते. जुलैमध्ये बालवाडी बंद असते, त्या सुट्टीत कादंबरी पूर्ण करायचीच असे मी ठरवले आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी जुलैअखेरपर्यंत कथाही मागितली आहे. मैत्रिणी म्हणतात, पुराचे सर्वांनी वाचले आहे, तू मध्यरात्रीच्या सूर्यावर लिही, मराठीत ते नवीन होईल. मी काय करावे?

– एक वाचक, ट्रोम्सो

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या सुट्टीत कादंबरी पूर्ण करण्याचा बेत तुम्ही सोडून द्यावा, असे मी प्रारंभीच सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या उन्हाळ्यात दिवाळी अंकासाठी एकच कथा लिहावी, ती वेळेवर पाठवावी आणि कादंबरीचे हस्तलिखित ऑगस्ट संपेपर्यंत बंद ठेवावे. या दोन्हींच्या आधी झोप सावरावी. पत्रात तुम्ही झोपेचा उल्लेख ओझरता केला आहे. मला मात्र तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच दिसते.

ट्रोम्सो जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या २० तारखेच्या सुमारास तेथे सूर्य मावळायचा थांबतो आणि जुलैच्या २२ तारखेच्या सुमारास तो पुन्हा थोडा थोडा वेळ क्षितिजाखाली जाऊ लागतो. त्यानंतरही कित्येक दिवस खरा अंधार पडतच नाही. सांगलीत वाढलेल्या माणसाला दिवस संपल्याचे कोणी सांगावे लागत नाही. दिवेलागण होते, मंडईतले भाजीवाले आवराआवर करतात, घरोघरी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, आणि आता बाहेरचे काम संपले, घरातले सुरू झाले, हे शरीराला आपोआप कळते. हिवाळ्यात तुम्हाला अशी सीमा ट्रोम्सोतही मिळाली होती. बालवाडीतून घरी आल्यावर बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, जाण्यासारखेही फारसे काही नव्हते, टेबलावरचा दिवा लावला की त्या वर्तुळापलीकडचे जग दिसत नव्हते, आणि त्या आपोआप मिळालेल्या मर्यादेत निम्मी कादंबरी झाली. ती तुमची शिस्त होतीच, परंतु त्या शिस्तीला ऋतूने मोठा हातभार लावला होता. आता तो ऋतू नाही. दिवसाला शेवट नाही, म्हणून प्रत्येक काम ‘नंतर करू’ या खात्यात जाते, आणि जिला स्वतःलाच शेवट दिसत नाही अशी अर्धी कादंबरी त्या खात्यात सर्वांत आधी जाते. हे तुमच्या प्रतिभेचे अपयश आहे, असे क्षणभरही समजू नका. ज्याची सुरुवात आणि शेवट एका दृष्टिक्षेपात मावेल असे काम या दिवसांत हाती घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. कथा तशी असते. शिवाय तिला संपादकांनी तारीखही घालून दिली आहे.

आता झोपेविषयी. डोळ्यांत शिरणारा प्रकाश मेंदूतील घड्याळाला दिवस-रात्रीची खबर देत असतो. अंधारू लागले की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर लख्ख उजेड पडत राहिला की ही वाढ लांबते आणि मेंदूचे घड्याळ मागे पडत जाते. याउलट सकाळी उठल्याबरोबर घेतलेला उजेड त्याला पुन्हा पुढे आणतो. म्हणून उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो. रात्री नऊनंतर घरातले पडदे लावून घ्यावेत, त्यानंतर बाहेर जायचेच असेल तर गडद चष्मा घालून जावे, आणि सकाळी, रात्र कितीही वाईट गेलेली असो, ठरलेल्या वेळी उठून थेट बाहेर उजेडात यावे. उठण्याची वेळ पाळणे झोपण्याची वेळ पाळण्यापेक्षा सोपे असते आणि परिणाम त्याचाच अधिक होतो. रविवारीही तीच वेळ पाळावी.

तुमच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती उत्तरेला असेल तर विशेष लक्ष द्यावे लागेल. आपल्याकडे उत्तरेची खिडकी म्हणजे ऊन न येणारी खिडकी. ट्रोम्सोत उन्हाळ्यात मध्यरात्री सूर्य बरोबर उत्तरेला येतो, म्हणजे जिथून हिवाळाभर काहीच आले नाही तिथून ऐन झोपेच्या वेळी ऊन आत येते. घड्याळात हा क्षण बाराला येत नाही, तर पाऊण वाजण्याच्या सुमारास येतो, कारण तेथील उन्हाळी वेळ सूर्याच्या बरीच पुढे असते. गुंडाळीच्या पडद्यांच्या कडांमधून जी उजेडाची पट्टी येते तीही त्रास देते. चौकटीला चारही बाजूंनी काळे जाड कापड चिकटपट्टीने लावून टाकावे. दिसायला ते बरे दिसणार नाही, पण दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. मुलाच्या खोलीलाही तसेच करावे. त्याला सुट्टीत अकरापर्यंत खेळू देण्यात काही वावगे नाही, मात्र तो घरात आल्यावर घरात रात्र झालेली असली पाहिजे.

एका बाबतीत मात्र माझ्या सल्ल्यावर विसंबू नका. झोप तीन-चार तासांवर येऊनही थकवा वाटत नसेल, विचारांचा वेग वाढल्यासारखा वाटत असेल, चिडचिड किंवा अवाजवी उत्साह घरच्यांच्या लक्षात येत असेल, किंवा सगळे उपाय करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, तर तुम्हाला नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे जावे आणि हे सगळे जसेच्या तसे सांगावे. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत. लेखन ऑक्टोबरमध्ये करता येईल. प्रकृती तोपर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

रात्री दोन वाजता लिहिलेल्या मजकुराविषयी तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि अनेक नवे लेखक ते मान्य करायला तयार नसतात. थकलेला मेंदू स्वतःचे परीक्षण करणे सोडून देतो, म्हणून शब्द भराभर येतात आणि प्रत्येक वाक्य उत्कट वाटते. त्यात क्वचित एखादी खरोखरीची चांगली ओळ असते, परंतु ती दुसऱ्या दिवशीच्या थकव्यात दिसत नाही, कारण तेव्हा सगळेच टाकाऊ वाटते. दोन्ही निकाल झोप न झालेल्या माणसाने दिलेले आहेत, तेव्हा दोन्ही बाजूला ठेवावेत. आतापर्यंत जे लिहून झाले आहे ते न वाचता, न फाडता एका पाकिटात घालून ठेवा आणि सप्टेंबरमध्ये उघडा. यापुढे मात्र रात्री दहानंतर लेखनाला बसू नये. जाग आलीच तर पडून राहावे, मंद दिव्यात दुसऱ्याचे काहीतरी वाचावे. तुम्हाला हे कठोर वाटेल, कारण रात्रीची ती निवांत वेळ ही गृहिणी आणि नोकरदार आई या दोन्ही भूमिकांतून मिळालेली एकमेव मोकळीक वाटते. म्हणून तिच्या बदल्यात दिवसाची वेळ तुम्ही घरच्यांकडून मागून घ्यायला हवी. त्याकडे मी पुढे येते.

त्याआधी सहकाऱ्यांच्या नवलाविषयी. जिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही आणि जिथे मे महिन्यातही बर्फ पाहायला मिळतो, तिथल्या माणसांनी ऊन पडले की घराबाहेर धाव घेणे स्वाभाविक आहे. त्यांच्या देशात कोणालाही मोकळ्या रानात, डोंगरात, समुद्रकाठी हिंडण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क १९५७च्या कायद्याने मान्य केलेला आहे, आणि तो हक्क ते मनापासून उपभोगतात. त्यांचे बोलणे तुम्ही टोमणा म्हणून घेऊ नका, आणि घरात बसण्यासाठी त्यांच्याशी वादही घालू नका. त्यांच्याबरोबर जा. तेलेग्राफबुक्ताच्या किनाऱ्यावर दगडांत शेगडी मांडून बसणाऱ्यांत बसा, शहर ज्या बेटावर वसले आहे त्याच्या माथ्यावरच्या प्रेस्टवान्ने तलावाला मुलाबरोबर फेरी घाला, आणि त्या वेळी आपले लेखन राहिले आहे ही रुखरुख बाळगू नका, कारण सकाळची ठरलेली वेळ दिल्यावर उरलेला दिवस तुमचा आहे.

बाहेर जाताना खिशात एक लहान वही असू द्या. तीत ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’, ‘शब्दांत न मावणारे’ असले काही लिहायचे नाही, असा नियम करा. जे दिसले त्याचे माप लिहा. उदाहरणार्थ, २१ जूनच्या सुमारास पाऊण वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम तीन अंश वर असतो, आणि अशा वेळी सपाट मोकळ्या जागेवर माणसाची सावली त्याच्या उंचीच्या अठरापट लांब पडते. म्हणजे तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाची सावली वीस मीटरांच्या पुढे जाते. ही गोष्ट माहिती म्हणून वाचणे वेगळे आणि त्या सावलीचे टोक शेजाऱ्याच्या कुंपणावरून वर चढताना प्रत्यक्ष पाहणे वेगळे. पाहिलेले लिहा. बर्चच्या झाडांना पाने नेमकी कोणत्या दिवशी फुटली. आर्क्टिक सुरय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर कसा झेपावतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या शेवाळाचा वास कोकणातल्या खाजणाच्या वासापेक्षा कसा वेगळा आहे. रस्त्याच्या कडेला पुरुषभर उंच वाढणारी, पांढऱ्या छत्र्यांची ती वनस्पती, जिला तेथे ट्रोम्सोपाल्मे म्हणतात, तिचा रस अंगाला लागून त्यावर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होते. तेथील आया मुलांना ते कोणत्या शब्दांत बजावतात, तेही टिपा. मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. सूर्य असला तरी शहराला रात्र असतेच, ती माणसांच्या वागण्यात असते. कोणत्या वेळी बसमधली माणसे हळू बोलू लागतात, शेजारी उन्हातच पडदे कधी ओढतात, गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज किती वाजेपर्यंत चालतो आणि त्यावर कोणाच्या कपाळाला आठी पडते, हे ललित लेखन करणाऱ्याने बघायचे असते. पर्यटक सूर्याचे छायाचित्र घेऊन जातात. तिथे राहणाऱ्या लेखकाला या गोष्टी दिसतात, आणि तुम्ही आठ वर्षे राहिला आहात.

आता जुलैची सुट्टी. नॉर्वेच्या सुट्टीच्या कायद्याप्रमाणे नोकरदारांना उन्हाळ्यात सलग तीन आठवड्यांची रजा मागण्याचा हक्क असतो, आणि जुलैमध्ये बहुतेक कचेऱ्या ओस पडतात, तेव्हा तुमचे यजमानही काही आठवडे घरी असतील असे मी धरून चालते. त्यांच्याकडे मोघम ‘मला लिहायला वेळ हवा’ असे मागू नका. मोघम मागितलेला वेळ घरातल्या पहिल्या कामात विरून जातो. सकाळी आठ ते दहा, सोमवार ते शुक्रवार, या वेळात मुलाची न्याहारी, त्याचे खेळणे, दाराची घंटा आणि भारतातून आलेला फोन हे सगळे त्यांनी पाहायचे, असे स्पष्ट सांगावे आणि त्यांनी ते मान्य केल्यावर घराबाहेर पडावे. घरातल्या टेबलापेक्षा शहरातले ग्रंथालय मला बरे वाटते. जुन्या फोकस चित्रपटगृहाच्या कमानदार छताखाली उभ्या असलेल्या त्या इमारतीला काचेच्या मोठ्या भिंती आहेत. तुम्ही काचेपासून दूर, पुस्तकांच्या कपाटांमागची जागा धरा. उन्हाळ्यातल्या वेळा आधी पाहून घ्या, आणि ते उशिरा उघडत असेल तर घरातल्याच एखाद्या खोलीत पडदे ओढून बसा. दोन तास झाले की उठा, लेखन रंगात आले असले तरी उठा, आणि पुढचे वाक्य काय असेल ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर ते वाक्य हाताशी असते.

या दोन तासांत काय लिहायचे, हा तुमचा खरा प्रश्न, आणि त्यात तुमच्या मैत्रिणींचा सल्ला मला पटत नाही. त्यांचा हेतू चांगला आहे. पण जागा नवीन असली म्हणजे कथा नवीन होते असे नाही. महिनोन्‌महिने न मावळणाऱ्या सूर्याची गोष्ट मराठी वाचकाला तशी अपरिचितही नाही. लोकमान्य टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज्’ हा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध केला, ऋग्वेदातील उषासूक्तांच्या आधारे ध्रुवाजवळच्या प्रदीर्घ पहाटेचा विचार मांडला आणि तेव्हापासून आपल्याकडे या विषयाची चर्चा होत आली आहे. त्यांचा सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत. परंतु उत्तरेकडच्या उजेडाचे नुसते नवल सांगून मराठी वाचकाला पुढच्या पानावर नेता येणार नाही, हे त्यावरून लक्षात यावे. त्या उजेडात कोणाचे काय अडले आहे, हे सांगावे लागेल.

आणि अडले आहे ते तुमचे आहे. पूर आला तेव्हा आपण सांगलीत नव्हतो, म्हणून लिहिण्याचा अधिकार आहे का, असे तुम्ही विचारता. याचे उत्तर शोधायला ट्रोम्सोबाहेर जाण्याची गरज नाही. नॉर्वेजियन कादंबरीकार कोरा सांडेल यांचे नाव तुम्ही तेथे ऐकले असेल. सारा फाब्रिशियस हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म १८८० सालचा. बारा वर्षांच्या असताना कुटुंबाबरोबर त्या दक्षिणेकडून ट्रोम्सोला आल्या आणि तिथेच वाढल्या. पुढे चित्रकार होण्यासाठी पॅरिसला गेल्या, अनेक वर्षे तिथे राहिल्या, १९२१ मध्ये स्वीडनला स्थायिक झाल्या. त्यांची पहिली कादंबरी, ‘आल्बर्टे ओग याकोब’, १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय ४५च्या आसपास होते, आणि ती कादंबरी घडते ती ट्रोम्सोसारख्याच एका उत्तरेकडच्या लहान शहरात. सतत थंडीने कुडकुडणारी, घरच्यांपासून लपवून कविता लिहिणारी एक तरुण मुलगी तिच्यात आहे. हिवाळ्याचा अंधार आहे आणि उन्हाळ्याचा न संपणारा उजेडही आहे. शहर सोडून कित्येक वर्षे लोटल्यावर, परक्या देशात बसून त्यांनी ते लिहिले. आल्बर्टेच्या कथेचे पुढचे दोन भाग १९३१ आणि १९३९ मध्ये आले. तुमचे नॉर्वेजियन आठ वर्षांत पुरेसे झाले असेल तर मूळ पुस्तक वाचा, नाहीतर इंग्रजी अनुवाद वाचा. जुलैतल्या वाचनासाठी मी दुसरे काही सुचवणार नाही.

सांडेल यांनी दुरून ट्रोम्सो लिहिले, तुम्ही ट्रोम्सोतून सांगली लिहीत आहात. अंतरामुळे तपशील पुसट होतात हे खरे, पण ते मिळवता येतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ पाण्याखाली होते, हे सगळे छापील आहे. पाणी ओसरल्यावर घरात चिखलाचा थर किती जाड होता, कोणते भांडे सापडले नाही, हे आई-बाबांना विचारता येईल. जे इतर कोणालाही विचारून कळणार नाही ते तुमच्याकडेच आहे. सात हजार किलोमीटरांवर बसून फोन लागण्याची वाट पाहणाऱ्या मुलीचा ऑगस्ट कसा गेला, हे सांगली सोडून कुठेही न गेलेला लेखक लिहू शकणार नाही. पुरावर लिहिण्याचा अधिकार तुम्हाला त्या वाट पाहण्याने दिला आहे, असे मी निःशंकपणे म्हणते.

म्हणून दिवाळी अंकाची कथा तिथूनच घ्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. एक रात्र, एक फोन, दोन घरे. उन्हाळ्यात ट्रोम्सो आणि सांगली यांच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर असते. ट्रोम्सोत रात्रीचा एक वाजतो तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेचार झालेले असतात. तिकडे वीज गेलेली, मेणबत्ती संपत आलेली, जिन्याच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या ते दिसत नाही म्हणून आई पावलाने चाचपून सांगते आहे. इकडे मुलीच्या स्वयंपाकघरात दिवा न लावताही सगळे स्वच्छ दिसते आहे आणि त्या उजेडाची तिला लाज वाटते आहे. मैत्रिणींना हवा असलेला उजेड आणि तुमचा पूर या प्रसंगात आपोआप एकत्र येतात. मात्र एक काळजी घ्या. पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला होता, आणि तोपर्यंत ट्रोम्सोतला मध्यरात्रीचा सूर्य संपलेला असतो. सूर्य काही तास क्षितिजाखाली जातो, फक्त अंधार पडत नाही, आकाश फिकट राहते. कथेत त्या रात्री सूर्य दाखवलात तर ते सुंदर दिसेल आणि खोटे असेल, आणि ट्रोम्सोत राहून हे खोटे तुम्ही लिहू नये. यंदाच्या ऑगस्टमध्ये पडताळता येईल, पण कथा त्याआधी द्यायची आहे, तेव्हा २०१९च्या ऑगस्टमधील सूर्यास्ताच्या वेळा पाहून घ्या आणि त्या दिवसांत काढलेली घरातली छायाचित्रे फोनमध्ये असतील तर ती उघडून बसा. खिडकीबाहेरचा रंग त्यांत सापडेल.

कथेचा पहिला खर्डा १५ जुलैपर्यंत होऊ द्या. तो आठवडाभर बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा; मराठी कानावर पडण्याचे प्रसंग तुमच्याकडे कमी आहेत, म्हणून हे वाचन टाळू नका. आईच्या तोंडची वाक्ये सांगलीच्या बोलीत हवीत आणि ती फोनवर बोलतात तशी तुटक हवीत. आईंनाच ती वाचून दाखवली तर चूक कुठे आहे ते त्या लगेच सांगतील. संपादकांनी शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा, कथा युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवा, आणि त्यांचा होकार-नकार येईपर्यंत तीच कथा दुसऱ्या अंकाकडे पाठवू नका. नकार आला तर पुढच्या वर्षीच्या अंकांसाठी ती तुमच्याकडे तयार राहील.

कादंबरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडा. तोपर्यंत ट्रोम्सोत दिवस रोज सुमारे दहा मिनिटांनी लहान होत आलेला असेल, मुलाची शाळा सुरू झालेली असेल आणि संध्याकाळी दिवा लावावा लागत असेल. आधी वाचायला बसा, लिहायला नाही. सगळी पाने एका शनिवार-रविवारात सलग वाचा आणि हातात पेन घेऊ नका. दुसऱ्या वाचनाच्या वेळी रात्रीच्या दोन वाजता लिहिलेल्या मजकुराचे ते पाकीट जवळ असू द्या आणि त्यातले काही कादंबरीत बसते का ते पाहा. त्यानंतर कोणता प्रसंग पुढे घ्यावा याविषयी शंका आली, तर मला पुन्हा जरूर लिहा. पत्राबरोबर त्या प्रसंगाची तीन-चार पाने जोडलीत तर अधिक नेमके सांगता येईल.